कुलाब्याच्या वायुपेट्या आणि कृष्णविवराची थरथर

जोडीदार ताऱ्याकडून ओढून घेतलेला वायू कृष्णविवरात किंवा न्यूट्रॉन ताऱ्यावर थेट कोसळत नाही. तबकडीसारखा गरगरत, घर्षणाने तापत तो आत सरकतो आणि क्ष-किरण फेकतो. अशी तबकडी आपल्यापासून इतकी दूर असते, की तिचा आकार दुर्बिणीत दिसत नाही. कळते ती फक्त तिच्या प्रकाशाची थरथर. ही थरथर घड्याळाइतकी काटेकोर नसते, पण एका तालाच्या आसपास घुटमळते. युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाने जीएक्स ५-१ या न्यूट्रॉन ताऱ्याची अशी आंदोलने टिपली, सेकंदाला २० ते ४० या गतीची, आणि १९८५ साली ती जाहीर झाली. हा इतिहास बहुधा सिद्धांतांचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो आधी उपकरणांचा इतिहास आहे, आणि त्याचे एक प्रकरण मुंबईत घडले.

कुलाब्याच्या किनाऱ्यावर उभे राहा की यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या शिवारात, आकाशातले क्ष-किरण जमिनीवर पोहोचत नाहीत. वातावरण त्यांना वरच गिळते. म्हणून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६८ पासून हैदराबादहून फुगे सोडून क्ष-किरणांचा माग काढला. पुढे क्ष-किरण टिपणाऱ्या, झेनॉन वायू भरलेल्या पेट्याही फुग्यांखाली टांगल्या गेल्या. पण फुगा काही तासच वर टिकतो, आणि तबकडीचा स्वभाव काही तासांत कळत नाही. २१ मार्च १९९६ रोजी आयआरएस-पी३ या दूरसंवेदन उपग्रहाबरोबर प्र. चं. अग्रवाल यांच्या गटाच्या वायुपेट्या कक्षेत गेल्या. त्याच वर्षी गरुड तारकासमूहातल्या जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराच्या प्रकाशात त्यांना सेकंदाला सुमारे ०.७ आंदोलने आढळली. १९९७ मध्ये त्याच स्रोताचे उद्रेक दिसले: प्रकाश सावकाश चढे आणि झटक्यात कोसळे. द्रव्य घटना-क्षितिजापलीकडे, म्हणजे जिथून काहीच परतत नाही तिथे, नाहीसे होत असावे, असा अर्थ या गटाने लावला. तबकडीचा आतला भाग रिकामा होऊन पुन्हा भरतो, हे टोमासो बेलोनी व सहकाऱ्यांचे स्पष्टीकरणही त्याच काळातले.

यावर आक्षेप असा, की अमेरिकेचा आरएक्सटीई उपग्रह तेव्हा याच स्रोताकडे पाहत होता. त्याच्या पेट्यांचे क्षेत्रफळ सुमारे ६५०० चौरस सेंटीमीटर, आपल्या पेट्यांचे १२००. मग मुंबईचे काम पुनरुक्तीच ठरत नाही का? आकड्यांपुरता आक्षेप खरा आहे. सेकंदाला ६७ वेळा, म्हणजे ६७ हर्ट्झने, होणारे वेगवान आंदोलन आरएक्सटीईनेच शोधले. पण उपकरण घडवण्याचे कसब कागदावरून शिकता येत नाही. लहान पेट्या कक्षेत चालवणाऱ्या हातांनीच पुढे मोठ्या पेट्या बनवल्या. २०१२ मध्ये आरएक्सटीई बंद झाला आणि २८ सप्टेंबर २०१५ रोजी भारताचा अॅस्ट्रोसॅट उपग्रह झेपावला. त्यावरच्या लॅक्सपीसी या उपकरणाच्या तीन झेनॉन पेट्या टाटा संस्थेतच तयार झाल्या होत्या. ३ ते ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जापट्ट्यात त्या प्रत्येक फोटॉनची वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवत. वरच्या ऊर्जांना आरएक्सटीईच्या पेट्यांची पकड सैल होई. तिथे लॅक्सपीसीची घट्ट राहिली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतके मोजूनही आंदोलनांच्या कारणावर एकमत नाही, मग मिळाले काय? मिळाली ती सिद्धांतांना घालता येणारी वेसण. ६७ हर्ट्झचे आंदोलन जवळजवळ स्थिर आहे, म्हणून ते कृष्णविवराचे वस्तुमान आणि परिवलन यांवरच ठरत असावे, असे मानणे सोपे होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अॅस्ट्रोसॅटच्या नोंदींत ते ६७.४ ते ७२.३ हर्ट्झपर्यंत सरकताना दिसले. २०२० मध्ये पुण्याच्या आयुकातले रणजीव मिश्रा आणि सहकाऱ्यांनी याच स्रोताची मंद आंदोलने तपासली. त्यांची वारंवारता, तबकडीची आतली कड आणि द्रव्य आत येण्याचा दर यांचा संबंध सापेक्षतावादाच्या सूत्राशी जुळला. वाद मिटला नाही, पण कोणते मत टिकेल हे ठरवायला आता मोजमाप आहे. हे मोजमाप मात्र पेट्यांच्या प्रकृतीवर टिकून असते: लॅक्सपीसीच्या तीन पेट्यांपैकी एक वायुगळतीमुळे २०१८ मध्ये बंद करावी लागली. ज्या शास्त्रात दूरच्या तबकडीचा ताल कळणे एका पेटीतल्या वायूच्या दाबावर अवलंबून असते, तिथे पेटी बनवणाऱ्याला सिद्धांत मांडणाऱ्याच्या मागे बसवता येत नाही.