पोलीसगाडीचे रूप आणि चाल : व्हिडिओ गेममधील नमुना व यवतमाळ जिल्ह्यातील परंपरा

एखाद्या ताम्रपटाची लिपी एका शतकाची आणि त्यातील भाषा दुसऱ्या शतकाची दिसली, म्हणजे इतिहाससंशोधक तो ताम्रपट टाकून देत नाही. उलट तो अधिक बारकाईने वाचू लागतो. बनावट लेखसुद्धा, तो ज्यांनी घडविला त्यांच्या काळाविषयी व समजुतींविषयी पुष्कळ काही सांगून जातो. हाच न्याय एका अगदी अर्वाचीन साधनास लावून पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. ते साधन म्हणजे व्हिडिओ गेममधील पोलीसगाडी होय.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या मालिकेतील ‘व्हाइस सिटी’ हा खेळ २००२ साली व ‘सॅन अँड्रियास’ हा २००४ साली प्रसिद्ध झाला. भारतातील लहान गावांच्या सायबर कॅफेंतून एका पिढीने हे दोन खेळ मनसोक्त खेळले. त्यांतील प्रत्येक वाहन तीन अंगांनी सिद्ध झालेले असते. गाडीचा आकार एका फाइलीत असतो, तिच्यावरील रंग व अक्षरे दुसऱ्या फाइलीत, आणि तिची चाल तिसऱ्या फाइलीत. ही तिसरी फाइल म्हणजे साध्या मजकुराची एक लांबलचक सारणी आहे. प्रत्येक गाडीस एक ओळ, आणि त्या ओळीत वजन, हवेचा रोध, भारकेंद्र, चाकांची पकड, गिअरांची संख्या, कमाल वेग, वेगवृद्धी, ब्रेकची शक्ती, स्प्रिंगांचा ताठरपणा, इतकेच काय पण गाडीची किंमतसुद्धा आकड्यांत मांडलेली असते. इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जाते, मागच्या चाकांना जाते की चारही चाकांना, हे एकाच अक्षराने दर्शविले जाते. पोलीसगाडीच्या ओळीत ते अक्षर मागच्या चाकांचे आहे.

आता आपल्याकडील हौशी तंत्रज्ञ या खेळात पोलिसांची बोलेरो घालतात. पांढरा रंग, दारावर ‘पोलीस’ ही अक्षरे, टपावर दिवा, सारे यथास्थित असते. परंतु आकाराची व रंगाची फाइल बदलली तरी सारणीतील ओळ मुद्दाम बदलल्यावाचून बदलत नाही. आणि पुष्कळदा ती कोणी बदलीत नाही. परिणामी पडद्यावर जी गाडी धावते तिचे रूप यवतमाळच्या ठाण्यातले व चाल कॅलिफोर्नियाच्या धर्तीवर कल्पिलेल्या लॉस सँटोस शहरातली, असा प्रकार होतो. लिपी एका काळाची व भाषा दुसऱ्याची, ती ही. या दोन चालींचा इतिहास वेगवेगळा असल्यामुळे तो क्रमाने पाहणे आवश्यक आहे.

अमेरिकेत पहिली पोलीसमोटार १८९९ साली ओहायो राज्यातील ॲक्रन येथे धावली. ती विजेवर चालणारी होती, तिचा कमाल वेग ताशी सुमारे २५ किलोमीटर होता, आणि तिचे काम पाठलागाचे नसून माणसे वाहून नेण्याचे होते. पाठलागाची गाडी हा पुढील काळाचा शोध आहे. १९३२ मध्ये फोर्ड कंपनीने सर्वसामान्यांना परवडेल अशा मोटारीत आठ सिलिंडरांचे ६५ अश्वशक्तीचे इंजिन बसविले. चांगले रस्ते व वेगवान मोटार ही दोन्ही साधने दरोडेखोरांच्याही हाती आली, आणि एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात पळून जाणे सोपे झाले. क्लाइड बॅरो व बॉनी पार्कर ही जोडी १९३४ मध्ये मारली गेली, ती अशाच फोर्ड मोटारीत. पोलिसांना तिच्याहून जोरकस मोटार हवी होती. १९५० साली फोर्डने केवळ पोलिसांसाठी वेगळी साधनसामग्री घातलेली गाडी विक्रीस काढली, आणि हा प्रवाह अखेरीस ‘क्राउन व्हिक्टोरिया पोलीस इंटरसेप्टर’ या प्रसिद्ध गाडीपर्यंत आला. ४.६ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन, मागच्या चाकांना शक्ती, आणि स्वतंत्र चासीवर बसविलेला लांबरुंद सांगाडा ही तिची लक्षणे होत. शेवटच्या वर्षांत तिचे इंजिन २५० अश्वशक्तीचे होते. २०११ साली तिचे उत्पादन थांबले.

व्हिडिओ गेमने घेतली ती ही परंपरा. १९८८ साली ‘टाइटो’ या जपानी कंपनीने काढलेल्या ‘चेस एच. क्यू.’ या खेळात पोलीस हाच नायक असून तो काळ्या स्पोर्ट्स मोटारीतून गुन्हेगारास गाठतो व धडका देऊन थांबवितो. पुढे १९९८ मधील ‘नीड फॉर स्पीड : हॉट पर्सूट’मध्ये रस्त्यावर गाड्या आडव्या लावणे, खिळ्यांच्या पट्ट्या टाकणे, हे प्रकार आले. ‘व्हाइस सिटी’त अपराधाचे मोजमाप ताऱ्यांनी होते : तारे वाढत गेले की साध्या पोलिसांच्या जागी शस्त्रसज्ज पथक, पुढे केंद्रीय तपास खाते, आणि सहाव्या ताऱ्यास खुद्द लष्कर. या सर्व रचनेत पोलीसगाडीचा अर्थ एकच, पळणाऱ्यापेक्षा अधिक वेगाने पळणारी. एक अपवाद नोंदविला पाहिजे. ‘सॅन अँड्रियास’च्या ग्रामीण भागात ‘रेंजर’ नावाची उंच बांध्याची वेगळी पोलीसगाडी भेटते. खेळ रचणाऱ्यांना गाव आणि शहर यांतील भेद अगदीच अपरिचित नव्हता.

यवतमाळ जिल्ह्याची परंपरा याहून सर्वस्वी निराळ्या मुळातून आली आहे. १३,५८२ चौरस किलोमीटरांचा हा मुलूख पूर्वेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा या नद्यांनी वेढलेला असून अडाण, अरुणावती, पूस, बेंबळा, निर्गुडा असे प्रवाह त्यास ठिकठिकाणी छेदतात. खोऱ्यातील जमीन काळी व चिकण. उन्हाळ्यात तिला हातहात भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती बैलगाडीचे चाक आसापर्यंत गिळते. मुर्तिजापूरहून येणारी अरुंद मापाची रेल्वे यवतमाळला संपत असे; त्यापुढे पुसद-उमरखेडकडचा प्रवास घोड्यावर, दमणीत किंवा पायी. अशा प्रदेशात पोलिसांपुढील प्रश्न ‘पळणाऱ्यास कसे गाठावे’ हा नसून ‘घटनास्थळी पोहोचावे कसे’ हा होता. पळणाराही त्याच चिखलात होता.

शिवाय हद्दीचा प्रश्न होता. पैनगंगेच्या पलीकडे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. उन्हाळ्यात उतार मिळाला की नदी ओलांडणे सोपे, पण ओलांडणारा माणूस वऱ्हाडच्या पोलिसांच्या अधिकाराबाहेर जाई. मग घोडा कितीही चपळ असो, त्याचा उपयोग संपला. व्हिडिओ गेममध्ये तीन शहरांच्या पोलिसांचे रंग वेगवेगळे असले तरी तारे शहराची सीमा ओलांडून आरोपीबरोबर जातात. हद्द हा पोलिसी कारभारातील आद्य शब्द त्या सारणीत कोठेच नाही.

आणखी एक प्रसंग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून कायदा मोडला व अटक करून घेतली. हा सत्याग्रह आगाऊ जाहीर झालेला होता. सत्याग्रही पळणार नव्हते, किंबहुना न पळणे हेच त्यांचे शस्त्र होते. जिल्ह्याच्या इतिहासातील या सर्वांत संस्मरणीय अटकेत पाठलागास जागाच नव्हती.

जीप आली ती या भूमीवर. ती मुळात पोलीसगाडी नव्हे. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकन सैन्याने घडवून घेतलेले ते वाहन. विलीज कंपनीच्या १९४१ च्या नमुन्यात २.२ लिटरचे चार सिलिंडरांचे ६० अश्वशक्तीचे इंजिन होते, पुढच्या व मागच्या आसांतील अंतर अवघे ८० इंच होते, आणि दुसरी एक लहान गिअरपेटी होती. तिच्या योगाने चारही चाकांना शक्ती देता येई व अत्यंत मंद गतीने प्रचंड ओढ मिळविता येई. चिखलातून बाहेर निघण्याचे खरे रहस्य वेगात नसून या मंद ओढीत आहे. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली, आणि पुढे तिचे भाग येथेच बनू लागले. यवतमाळ जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. राज्ये बदलली, गणवेशावरील बिल्ले बदलले, पण ग्रामीण भागातील पोलिसांचे वाहन म्हणून जीपच रूढ झाली. कॅनव्हासचे छत, मागे समोरासमोर दोन बाके, दाराच्या जागी बहुधा काहीच नाही. लोकांच्या मनात ‘पोलिसांची जीप’ हा शब्दप्रयोग इतका रुजला की पुढे गाडी बदलली तरी गावात ती ‘जीप’च राहिली.

२००० साली महिंद्रची बोलेरो बाजारात आली. हिच्या २.५ लिटरच्या डिझेल इंजिनाची शक्ती एका प्रचलित आवृत्तीत सुमारे ६३ अश्वशक्ती होती. साठ वर्षांच्या अंतराने केवळ तीन अश्वशक्तींची वाढ, हे पाहून वाचकास नवल वाटेल. परंतु डिझेल इंजिन हळू फिरतानाही भरपूर ओढ देते, आणि येथे गरज तिचीच आहे. वेगळी चासी व मागील बाजूस पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे भार सोसण्याची व खड्डे झेलण्याची योजना. मात्र सर्वसाधारण बोलेरो मागच्या दोनच चाकांवर चालते. जीपचा चार चाकांचा गुण कोठे गेला? याचे उत्तर गाडीत नाही, रस्त्यात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच वर्षी, २५ डिसेंबर २००० रोजी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. बारमाही रस्ता गावापर्यंत येऊ लागला तसतशी चिखलातून गाडी काढण्याची निकड कमी होत गेली, आणि अधिक माणसे बसतील, दारे मिटतील, पावसात भिजणार नाही अशी गाडी सोयीची ठरली.

जिल्ह्यात अमेरिकेतील महामार्गांशी काहीसा सदृश असा एक पट्टा आहे : वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी या मार्गाने पैनगंगा ओलांडून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. राज्याच्या महामार्ग पोलिसांकडे ‘इंटरसेप्टर’ या नावाच्या गाड्याही आहेत. नाव तेच, जे फोर्डच्या गाडीला होते. पण ही गाडी पाठलाग करीत नाही. ती रस्त्याच्या कडेला उभी राहते, तिच्यातील यंत्र धावत्या वाहनाचा वेग मोजते, आणि दंडाचे ई-चलन वाहनमालकाच्या मोबाइलवर जाते.

आता पुन्हा सारणीकडे वळू. ‘सॅन अँड्रियास’मध्ये पृष्ठभागाचे प्रकार वेगळे मानलेले आहेत : पक्का रस्ता, सुटी माती, वाळू, ओली जागा. प्रत्येक ठिकाणी पकडीचा आकडा बदलतो. चाक घसरते, परंतु रुतत नाही. काळ्या मातीचे वैशिष्ट्य असे की चाक जितके फिरवावे तितके खोल जाते, माती टायरच्या खाचांत बसून टायर गुळगुळीत होतो, आणि शेवटी गावकऱ्यांना हाक मारावी लागते. यासाठी सारणीत रकाना नाही. बोलेरोची ओळ प्रामाणिकपणे लिहावयाची झाल्यास कमाल वेग व वेगवृद्धी उतरवावी लागेल, भारकेंद्र वर घ्यावे लागेल, वळणावर गाडी कलंडेल हे मान्य करावे लागेल, आणि वजनात मागच्या बाकावरील पाच माणसे धरावी लागतील. अशी गाडी खेळात कोणासही गाठू शकणार नाही, म्हणूनच हौशी तंत्रज्ञ ती ओळ जशीच्या तशी राहू देतो. त्यास दोष देण्याचे कारण नाही. खेळाचे नियम पाठलागाचे आहेत. परंतु महाराष्ट्राच्या पोलिसांचे वाहन कसे होते याचा पुरावा म्हणून उद्या कोणी हे नमुने उघडले, तर रंग, अक्षरे व दिवा यांवर त्याने भरवसा ठेवावा, आणि ज्या ओळीत वेग लिहिला आहे ती ओळ मात्र दुसऱ्या देशाच्या इतिहासात वाचावी.