इंटरकूलर होज कपलर

टर्बोचार्जर, इंटरकूलर आणि थ्रॉटल बॉडी यांना जोडणाऱ्या धातूच्या नळ्यांमधील लवचीक जोड. टर्बोमध्ये दाबली गेलेली हवा तापते. तिचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. ती इंटरकूलरमध्ये निवून इंजिनाकडे येते. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, तर इंटरकूलर बॉडीला पक्का असतो. ही हालचाल कपलरला झेलावी लागते, म्हणून निवडीत रंग आणि चकाकी यांना काहीच महत्त्व नाही.

मापाचा नियम सोपा आहे : कपलरचा आतला व्यास नळीच्या बाहेरच्या व्यासाइतका हवा. ५१, ५७, ६३, ७० आणि ७६ मिमी ही प्रचलित मापे. दोन्ही टोकांचे व्यास वेगळे असतील तर रिड्यूसर घ्यावा; मोठे कपलर क्लॅम्पने आवळून लहान नळीवर बसवले की त्याला घडी पडते आणि तिथूनच हवा गळते. हालचाल जास्त असेल तिथे मध्ये फुगवटा असलेले हम्प कपलर बसवतात. एअर फिल्टर ते टर्बो या भागात मात्र दाब नसून ओढ असते. तिथे मऊ कपलर आत चिंबते. आत तारेची कडी असलेला होज लागतो.

बाजारात बहुतेक कपलर सिलिकॉनचे मिळतात. आत पॉलिएस्टर किंवा अ‍ॅरामिड कापडाचे तीन ते पाच थर असतात. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, पण तेल सोसत नाही. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ टर्बोच्या तोंडाशी सोडलेली असते. ते तेल नळ्यांत साचते, साध्या सिलिकॉनमध्ये मुरते आणि बाहेरून होज चिकट होतो. अशा गाडीसाठी, विशेषतः डिझेलसाठी, आतून फ्लोरोसिलिकॉनचे अस्तर असलेलेच कपलर घ्यावे. इथे पैसे वाचवू नयेत.

कपलर निसटण्यामागचे बळ लक्षात घेण्याजोगे आहे. ६३ मिमीच्या नळीत १ बार बूस्ट असेल, तर वळणाशी नळीला बाहेर ढकलणारा जोर सुमारे ३२ किलो वजनाइतका असतो. म्हणून नळीच्या टोकाला उंच कडा, म्हणजे बीड, हवीच. क्लॅम्प बीडच्या मागे बसावा, बीडवर नव्हे. खाचांच्या साध्या वर्म क्लिपा सिलिकॉन कापतात. जास्त बूस्टला टी-बोल्ट क्लॅम्प बरा. बसवण्यापूर्वी नळीवरचे तेल पुसून काढावे आणि आत दोन नळ्यांच्या टोकांत थोडीच फट ठेवावी. लांब उघड्या पट्ट्यात कपलर फुगते.

शेंद्रा येथील कारखान्यात जुळवल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या स्कोडा ऑक्टेव्हियाची १.८ टर्बो आवृत्ती हे सांधे वाढण्याचे चांगले उदाहरण. तिचा मूळ इंटरकूलर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यात असतो. हौशी मालक त्याऐवजी मोठा इंटरकूलर समोर मधोमध बसवतात. त्यामुळे नळ्या लांबतात, सांधे वाढतात. प्रत्येक नवा सांधा गळतीची नवी जागा असते, म्हणून शक्य तिथे कपलर जोडण्यापेक्षा नळीच वाकवून घेणे शहाणपणाचे.

कपलर फाटले की पिकअप जातो, अ‍ॅक्सिलरेटर दाबताच फुसफुस ऐकू येते आणि डिझेल गाडी काळा धूर सोडते. टर्बो बदलण्याचा खर्च मान्य करण्याआधी गॅरेजवाल्याकडून सर्व कपलर दाब देऊन तपासून घ्यावेत.