टाचण्यांच्या उशीच्या पोटात

काही महिन्यांपूर्वी एकोणिसाव्या शतकातला एक इंग्रजी मजकूर मराठीत आणताना मी एका साध्या वाक्यापाशी अडले. त्यातली बाई रोज सकाळी कंगव्यातले केस झाकणाला भोक असलेल्या भांड्यात टाकते आणि पुरेसे साठले की त्यांनी टाचण्यांची उशी भरते. शब्दाची अडचण नव्हती. विंचरताना निघणाऱ्या केसांना मराठीत ‘गुंतवळ’ हा नेमका शब्द आहे. अडचण अशी की मराठी वाचक हे वाचून नाक मुरडेल आणि बाईला विक्षिप्त ठरवेल. ती तशी नव्हती. व्हिक्टोरियन घरात आरशापुढच्या मेजावर असं भांडं सर्रास असे. मग प्रश्न उरतो, उशीत केसच का?

भाषांकडून उत्तर मिळत नाही. इंग्रजी या वस्तूला टाचण्यांची उशी म्हणते, जर्मन सुयांची उशी म्हणते, जपानी तर ‘हारियामा’, म्हणजे सुयांचा डोंगर. सगळी नावं बाहेरच्या आकाराची. आत काय भरलंय हे एकही नाव सांगत नाही.

उत्तर धातूत आहे. युरोपात कित्येक शतकं टाचणी पितळी तारेची असे. ॲडम स्मिथने 1776 मध्ये श्रमविभागणी समजावताना टाचण्यांचाच कारखाना घेतला: दहा माणसं मिळून दिवसाला 48,000 टाचण्या. पितळेला तांबेरा चढत नाही. त्यामुळे अशा टाचण्यांच्या उशीत कोंडा, लाकडाचा भुसा, चिंध्या, लोकर, काहीही चाले. बाळाच्या जन्मानिमित्त भेट द्यायच्या पांढऱ्या साटिनच्या उश्या अशाच भरलेल्या असत. त्यांवर टाचण्यांच्या डोक्यांनी नक्षी आणि स्वागताचे शब्द काढत. टाचणीगणिक बाळंतपणाच्या कळा वाढतात अशी समजूत होती, म्हणून त्या बाळ जन्मल्यावरच देत. 1849 मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि हळूहळू त्या उश्यांचं कामच संपलं.

सुईचं तसं नाही. सुई पोलादाची, आणि पोलादाला ओल सोसत नाही. पुढे टाचण्याही पोलादी झाल्या, तेव्हा उशीत काय भरायचं हा नुसत्या मऊपणाचा प्रश्न राहिला नाही. कापूस हवेतली ओल धरतो. कोंड्यात किडे होतात. बारीक वाळूने उशीला वजन येतं, ती मेजावरून घसरत नाही, पण शिवण जरा उसवली की वाळू घरभर. न धुतलेल्या लोकरीत मेंढीच्या अंगची चरबी असते, ती सुईला लागते. केसांत तेल असतं. सुई आत-बाहेर होताना तेवढं तेल पुरतं. जपानी बायकाही याच कारणासाठी उशीत केस भरत.

व्हिक्टोरियन काळात लोकप्रिय झालेल्या लाल टोमॅटोच्या उशीला एक छोटी स्ट्रॉबेरी लटकत असते. ती शोभेची वाटते, पण तिच्यात एमरीची पूड असते. सुई चारदोनदा खुपसली की गंज निघतो, टोक साफ होतं. एमरीतलं कठीण खनिज म्हणजे आपला कुरुंद. इंग्रजीतला ‘कोरंडम’ हा शब्द तमिळ ‘कुरुंदम’वरूनच गेलेला आहे.

हे सगळं ज्ञान बायकांच्या हातात होतं, आणि ते फारसं उरलं नाही याचं कारणही उशीतच आहे. संग्रहालयांत दिसतात त्या बहुतेक शोभेच्या उश्या. बाळाच्या स्वागताच्या, किंवा पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांनी भुसा भरून, मणी लावून आईला वा प्रेयसीला पाठवलेल्या हृदयाच्या आकाराच्या. त्या टिकल्या, कारण त्या कुणी वापरल्या नाहीत. रोजच्या कामाची उशी झिजते, फाटते, केरात जाते. आत काय होतं ते कुणी लिहून ठेवत नाही.

एवढं जमवल्यावर मला आईची उशी आठवली. जुन्या लुगड्याच्या तुकड्याची, मुठीएवढी. आईने तिच्या जिवावर वीस वर्षं लोकांची पोलकी शिवली. कोकणातल्या पावसात पत्र्याचे डबे गंजत, कात्री गंजे. तिच्या सुया मात्र चकचकीत. गेल्या गणपतीत घरी गेले तेव्हा उशीची शिवण एका बाजूने उसवलेली होती. आत बोट घातलं, तर खोबरेल तेलाच्या जुनाट वासाचे केस. काळेभोर. मी आईला कळत्या वयापासून पांढऱ्या केसांतच पाहिलंय.

आमच्याकडे गुंतवळ घरात ठेवत नसत. कुणी करणी करेल म्हणून त्यावर थुंकून ते टाकायचं, नाहीतर केसांवर भांडी देणारी दारात आली की तिला द्यायचं. आजी या बाबतीत कडक होती. म्हणजे आईने हे लपवून केलं होतं.

विचारलं तर म्हणाली, “अगं, सुईला पैसे पडायचे. सासूबाईंना सांगितलं असतं तर उशी चुलीत गेली असती.”

जपानात 8 फेब्रुवारीला मोडक्या सुयांचा निरोप असतो. त्या देवळात नेऊन टोफूच्या वडीत खोचतात, आयुष्यभर कठीण कापडातून गेलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून. टोफू ओला असतो, पण आता सुई गंजली तरी चालणार असते. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या अजून मोडल्या नाहीत.”

उसवलेली शिवण तिने स्वतःच घातली, आतलं काही न बदलता. आणि माझ्या अनुवादात मी त्या वाक्याला तळटीप दिली नाही. मुळात नसलेला एकच शब्द घातला, ‘तेलकट’, आणि तो घातल्याचं संपादकांना कळवलं.