पदवी नसलेल्यांची वाडी

किर्लोस्करवाडीचा इतिहास बहुधा लोखंडी नांगरापासून सांगितला जातो. पण १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या ओसाड माळावर जी वसाहत उभी राहू लागली, तिच्यातली माणसे एकेक करून पाहिली तर हाच इतिहास निराळा दिसतो. के. के. कुलकर्णी यांचे शालेय शिक्षणही पुरे झालेले नव्हते; ते व्यवस्थापक झाले आणि अडलेले काम मार्गी लावणारे म्हणून ओळखले गेले. अनंतराव फळणीकरांनीही शाळा अर्ध्यावर सोडलेली. ते कल्पक यंत्रज्ञ ठरले. मंगेशराव रेगे एकाच वेळी कारकून आणि मुख्य हिशेबनीस होते. रात्रीच्या पहाऱ्यावर शिक्षा भोगून आलेली माणसे होती. आणि या सगळ्यांचे म्होरके लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या गाठीलाही पदवी नव्हती.

ही कथा आज तरुणांना फार सांगितली जाते. पुसेगाव म्हटले की सेवागिरी महाराजांचे साताऱ्याकडचे पुसेगाव आठवते. मी म्हणतो आहे ते हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले. अशा गावात पदवीपर्यंत न पोहोचलेल्या मुलाला दोनच गोष्टी ऐकू येतात. एक तर ‘आता तुझे काही खरे नाही’, नाही तर ‘किर्लोस्करांकडे कुठे डिग्री होती?’ दुसरे वाक्य धीर देणारे आहे, पण अर्धेच आहे. पदवी नव्हती हे खरे. तिच्या जागी काय होते, हे त्यात येत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन रमेना; ओढ चित्रकलेची आणि यंत्रांची. १८८५ मध्ये वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. खर्चाचा भार थोरले बंधू रामूअण्णा यांनी उचलला. दोन वर्षांनी कळले, की डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकार होणे तिथेच संपले. आजच्या भाषेत ‘ड्रॉपआउट’. घरच्यांच्या भाषेत दोन वर्षे आणि पैसे पाण्यात.

पण रंग गेला तरी रेघ हातात होती. यांत्रिक रेखाटनाच्या बळावर त्यांना व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक शिक्षकाची जागा मिळाली. १८८७ साली स्थापन झालेली ही संस्था आज वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते. शिकवण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळत. पुढे बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली आणि त्यांनी राजीनामा दिला. रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचे दुकान होतेच; त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि नांगर यांचा कारखाना निघाला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती यावर.

या हकिकतीतून लक्ष्मणरावांची जिद्द वजा करता येत नाही, पण उरलेले तीन आधारही वजा करता येत नाहीत. दोन फसलेली वर्षे पोटात घालणारा भाऊ. ज्या कार्यशाळेत विद्यार्थी म्हणून नाव नसताना यंत्राला हात लावता आला, ती कार्यशाळा. आणि दोन वर्षे नांगर न विकलेल्या माणसावर पैसा लावणारा राजा. पदवीच्या जागी होते ते हे.

त्याच काळात पुसेगाव निजामाच्या राज्यात होते. तिथे पदवी नसणे हे कुणाचे अपयश नव्हते. ती सर्वांचीच स्थिती होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये निघाले, पण दूर हैदराबादला आणि उर्दू माध्यमाचे. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ व्हायला १९५८ साल उजाडले. कौशल्य मात्र गावोगाव होते. लाकडी नांगर घडवणारा सुतार आणि त्याचा फाळ शेवटणारा लोहार यांचा हात कुठल्याही कारागिराच्या तोडीचा होता. पण बलुत्याच्या व्यवस्थेत धंदा जातीने ठरे आणि मोबदला खळ्यावर धान्याने मिळे. सुताराच्या मुलाने सुतार व्हायचे; आपल्याला काय करावेसे वाटते, हा प्रश्नच त्याला कुणी विचारत नसे. लक्ष्मणरावांना मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, की त्यांना एक वाट सोडून दुसरी धरता आली.

म्हणून त्यांनी पुढे काय केले, तेही पाहावे. १९२२ मध्ये त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीत शिकायला गेले आणि १९२६ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. पदवीवाचून कारखाना उभारणाऱ्या माणसाने पदवीला तुच्छ लेखले नाही. तिच्याअभावी किती वळसा पडतो, हे त्याने स्वतः चालून पाहिले होते.

स्वातंत्र्यानंतर हे तीन आधार नशिबावर न सोडता कायद्याने आणि संस्थांनी द्यावेत, असा प्रयत्न झाला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआयचे जाळे पसरले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. विद्यावेतन म्हणजे एका अर्थी रामूअण्णांचा हात, आणि कारखान्यातली उमेदवारी म्हणजे ती मुंबईची कार्यशाळा. तिसरा आधार मात्र कोणत्याही कायद्यात बसत नाही. पहिला नांगर विकला जाईपर्यंत थांबण्याची तयारी समाजाला स्वतःच ठेवावी लागते.

पुसेगावच्या एखाद्या मुलाला ट्रॅक्टरच्या इंजिनात किंवा हळद शिजवण्याच्या बॉयलरमध्ये गोडी वाटत असेल, तर त्याला किर्लोस्करांचे नाव जरूर सांगावे. पण सांगताना रामूअण्णांचे नाव गाळू नये. ते गाळले, की इतिहासाचा उपदेश होतो, आणि उपदेशाच्या भांडवलावर कुणाचा कारखाना उभा राहिलेला नाही.