एकाच पोलादाच्या दोन तारा

दुकानात स्टेनलेस स्टीलची बारीक तार मागितली की दोनच प्रश्न येतात: किती नंबरची आणि किती मीटर. दागिने वळणारी, मण्यांची झाडं करणारी, मातीच्या मूर्तींचे सांगाडे बांधणारी हौशी मंडळीही तेवढीच उत्तरं तयार ठेवून जातात. तार नरम हवी की कडक, हा तिसरा प्रश्न क्वचितच निघतो, आणि माझ्या मते निवडीतला खरा प्रश्न तोच आहे. नंबरावर विसंबणं तर तसंही धोक्याचं. पूर्वी तार जितक्या भोकांतून ओढली जाई तितका तिचा नंबर वाढे, म्हणून आजही मोठा नंबर म्हणजे बारीक तार. ब्रिटनने १८८४ पासून एक मोजपट्टी कायद्याने लागू केली, तर अमेरिकेत १८५७ पासूनच दुसरी रूढ होती. त्यामुळे आपल्याकडची २४ नंबरची ब्रिटिश मापाची तार ०.५६ मिलिमीटरची आणि अमेरिकन पुस्तकातली २४ नंबरची ०.५१ ची. हा घोटाळा मिलिमीटरमध्ये माप मागितलं की मिटतो. नरम-कडकाचा घोटाळा मात्र तसा मिटत नाही, कारण तो या पोलादाच्या जन्मापासूनचा आहे.

१९१२ साली एसेनच्या क्रुप कारखान्याने क्रोमियम-निकेल पोलादाचं पेटंट मागितलं. त्यामागे बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांचं संशोधन होतं. पुढच्याच वर्षी शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने बंदुकीच्या नळ्यांची झीज रोखण्याच्या खटपटीत सुमारे १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतवून घेतलं. शोधाचं श्रेय बहुधा ब्रिअर्लीला मिळतं, आणि सुऱ्यांच्या बाबतीत ते रास्तच आहे. पण हौशी कारागिराच्या हातातल्या तारेचं कूळ एसेनचं. ब्रिअर्लीच्या पोलादाला लोहाराच्या जुन्या रीतीने पाणी दिलं की ते कडक होतं. एसेनच्या पोलादाची रीत उलटी: खूप तापवून झटकन थंड केलं की ते मऊ पडतं, आणि थंडपणी ओढलं, वाकवलं की ताठरत जातं. तार काढणं म्हणजे लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून धातू खेचणं, म्हणजे इथे बारीक होण्याची प्रत्येक पायरी तारेला कडक करते. फार कडक झाली की ती तुटू लागते. मग हजार अंशांच्या वर तापवून ती पुन्हा मऊ करावी लागते. शेवटच्या भट्टीनंतर ती किती ओढली, यावर तिचा स्वभाव ठरतो. म्हणून एकाच पोलादाच्या, एकाच जाडीच्या दोन तारा हातात अगदी निराळ्या लागतात.

हा फरक आधी ओळखला तो गरजूंनी. वाकडे दात सरळ करायला दंतवैद्य एकेकाळी सोन्याच्या मिश्रधातूची तार वापरत. ती महाग आणि फार लवचीक नव्हे. ऑस्ट्रेलियात रेमंड बेग या दंतवैद्याने १९४० च्या दशकात आर्थर विल्कॉक या धातुतज्ज्ञाच्या मदतीने स्टेनलेसची अतिशय कडक, गोल तार घडवली. ०.४ मिलिमीटर जाडीची ही तार वाकवली तरी मूळ आकाराकडे परतू पाहते आणि दाताला हलका पण सततचा दाब देत राहते. त्याच्या थोडं आधी, १९३० च्या दशकात, फिलाडेल्फियाचे शल्यविशारद वेन बॅबकॉक यांनी जखमा शिवायला पोलादी तारेचा पुरस्कार केला होता. तिथे मागणी नेमकी उलटी: गाठ मारली की तार तिथेच थांबली पाहिजे. दंतवैद्याची तार शल्यविशारदाला दिली असती तर गाठच सैल झाली असती. विणकाम, मणी गुंफणं, दगडाला वेढे घालणं ही कामं शल्यविशारदाच्या बाजूची. कानातले हूक, पिना, साखळीच्या कड्या दंतवैद्याच्या बाजूच्या.

यावर तांब्या-चांदीत काम करणारे म्हणतील की कडक तार आली तर ज्योतीवर धरून मऊ करावी, त्यात काय एवढं. त्या धातूंना हे लागू आहे, स्टेनलेसला नाही. ४५० ते ८५० अंशांच्या टप्प्यात हे पोलाद रेंगाळलं की त्यातला कार्बन कणांच्या सीमांवर क्रोमियमला बांधून टाकतो, आणि ज्या क्रोमियममुळे गंज लागत नाही तेच तिथे उणं पडतं. घरच्या छोट्या ज्योतीवर तार याच टप्प्यात सापडण्याची भीती असते, शिवाय वर काळी खपली धरते ती निराळीच. म्हणजे इथे निवड खरेदीच्या वेळीच करावी लागते. नरम तार घेऊन ती कामाने कडक होईल, हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. पीळ दिला की ती ताठरते खरी, पण एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली तर तिथेच मोडते, आणि हुकाला लागणारी स्प्रिंग तिच्यात नीटशी येत नाही.

भांड्यांच्या दुकानातली लोहचुंबकाची परीक्षाही इथे फसवते. ओढून कडक केलेल्या, ३०४ या क्रोमियम-निकेल प्रतीच्या अस्सल तारेची अंतर्गत रचना थोडी बदलते आणि ती चुंबकाला किंचित ओढली जाते; तिला नकली ठरवून परत करणं हा तिच्यावर अन्यायच. उलट निकेल वाचवण्यासाठी मँगनीज घातलेलं स्वस्त पोलाद मऊ असेल तर चुंबकाला दाद देत नाही, आणि गंजाला मात्र लवकर देतं. घाम किंवा खारी हवा लागणार असेल तर दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेली ३१६ ही प्रत घ्यावी. नरम-कडकाची परीक्षा त्याहून सोपी आहे आणि विक्रेत्याला काही ठाऊक नसलं तरी ती होते: वीतभर तार पेन्सिलीभोवती पाच-सहा वेढे देऊन सोडावी. नरम तार वेढे धरून बसते. कडक तारेचे वेढे पेन्सिलीपासून सुटून ऐसपैस होतात.