आधी ऑपरेटर, मग गाणारा

साताऱ्याकडच्या लग्नांत आणि गणपतीत मी उभी हयात लाऊडस्पीकर लावले. ऑपरेटरचं नाव पत्रिकेत कुणी छापत नाही, आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. भाच्यानं न्यू जर्सीहून जुन्या रॅपच्या रेकॉर्डी आणल्या, मी त्यामागची हकिगत वाचत गेलो, तेव्हा मात्र कान टवकारले. हे संगीत गाणाऱ्यानं सुरू केलेलंच नाही. ते आमच्या धंद्यातल्या माणसानं सुरू केलंय.

त्याचं नाव क्लाइव्ह कॅम्बेल. जन्म जमैकातल्या किंग्स्टनचा, १९५५ चा. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आला. अंगानं थोराड, म्हणून पोरं हर्क्युलिस म्हणत. त्याचं झालं कूल हर्क. किंग्स्टनमध्ये मोठाले स्पीकर रस्त्यावर मांडून रात्र जागवायची रीत होती. ज्याचा आवाज दणकट, त्याची वट. हर्कच्या वडिलांकडे शूअर कंपनीची सिस्टिम होती, पण तिचा म्हणावा तसा आवाज निघत नव्हता. पोरानं खटपट करून स्पीकरच्या वायरीला जॅक लावला, तो भलत्याच चॅनेलला दिला आणि सिस्टिम गरजू लागली. हे वाचल्यावर मला त्याच्या गाण्याबिण्याबद्दल आणखी काही सांगायची गरज उरली नाही. माणूस आपल्यातला.

११ ऑगस्ट १९७३ ला त्याची बहीण सिंडी हिनं, शाळा उघडण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून, १५२० सेज्विक ॲव्हेन्यू या इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. निमंत्रणं हातानं लिहिलेली. पार्टी बहिणीची, पैसे बहिणीचे, हिशेब बहिणीचा. इतिहासात नाव भावाचं. असो.

हर्कनं नाचणाऱ्यांकडे नीट बघितलं होतं. गाणं चालू असताना काही पोरं भिंतीला टेकून वाट बघत असत. मध्येच गाणारा थांबे, बाकीची वाद्यं थांबत आणि नुसता ड्रम वाजू लागे, की ती पोरं मैदानात उतरत. आपल्याकडे तमाशात ढोलकीवाला रंगात आला की मंडळी 'वन्स मोअर' देतात, तसाच हा मामला. फरक इतकाच, की रेकॉर्डीला वन्स मोअर देता येत नाही. तो ड्रमचा तुकडा, ज्याला ते ब्रेक म्हणतात, काही सेकंदांत संपतो. हर्कनं एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी घेतल्या आणि दोन टर्नटेबलवर ठेवल्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिलीची सुई मागे. जेम्स ब्राउनची गाणी त्यात असत. इन्क्रेडिबल बाँगो बँडचं 'अपाची' तर हमखास. ते मुळात इंग्लंडच्या शॅडोज मंडळींनी १९६० मध्ये गाजवलेलं. त्याचा ब्राँक्सशी काडीचा संबंध नव्हता. वडिलांच्या सल्ल्यावरून हर्कनं रेकॉर्डींची लेबलं भिजवून काढून टाकली होती, म्हणजे दुसऱ्या कुणाला गाण्याचं नाव कळायला नको. धंद्यातली गुपितं अशीच राखतात.

हे गरिबीतून आलेलं संगीत, असं जो तो लिहितो. ब्राँक्समधून सहा पदरी हमरस्ता नेण्यासाठी वस्त्या उठवल्या गेल्या, विम्याच्या पैशासाठी घरमालकांनी इमारती जाळल्या, हे सगळं खरं. पण नुसत्या गरिबीनं वायर जोडता येत नाही. दोन टर्नटेबल, ॲम्प्लिफायर, स्पीकर यांना तेव्हाही रोकडा मोजावा लागे. मला या पोरांची हलाखी नाही, हुन्नर दिसतो.

त्यातही खरा कारागीर म्हणजे जोसेफ सॅडलर, ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश. बार्बाडोसमध्ये जन्मलेला, शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. हर्क सुई अंदाजानं टेकवायचा. ताल कधी जुळे, कधी अडखळे. फ्लॅशला ते खपेना. एक रेकॉर्ड लोकांना ऐकू जात असताना दुसरी आपल्याला एकट्याला हेडफोनमध्ये ऐकता यावी, म्हणून त्यानं खटका असलेलं एक जोडकाम स्वतः केलं. रेकॉर्डीवर खडूनं खूण करून घड्याळाच्या काट्यासारखी ती किती फेरे मागे न्यायची हे ठरवलं. अडचण होती ती खालच्या रबराची. रेकॉर्ड हातानं धरली की रबर तिला चिकटून राही आणि खालची थाळीही अडे. फ्लॅशची आई शिवणकाम करायची. त्यानं फेल्टचं कापड आणलं, रेकॉर्डीएवढं गोल कापलं, खळ मारून इस्त्रीनं कडक केलं. आता वर रेकॉर्ड हातात स्थिर आणि खाली थाळी आपली फिरतेच आहे. बोट उचललं की त्या क्षणी ताल सुरू. आज जगभर दुकानांत ही चकती तयार मिळते. फ्लॅश तिचा उगम त्या घरातल्या इस्त्रीत सांगतो.

थिओडोर लिव्हिंग्स्टन नावाच्या पोरानं पुढे रेकॉर्ड हाताखाली मागेपुढे घासून त्या खरखरीचंच वाद्य केलं. त्याचं म्हणणं, आई आवाज कमी कर म्हणून दारात ओरडायला आली, तेव्हा हातानं रेकॉर्ड धरताना ते सापडलं.

बागेत कार्यक्रम असला की वीज रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून. १३ जुलै १९७७ च्या रात्री ग्रँडमास्टर केझ नावाचा पोरगा आणि त्याचा जोडीदार असेच वाजवत होते, आणि अख्खं न्यूयॉर्क अंधारात गेलं. दोघांना वाटलं, हे आपल्यामुळेच झालं! ज्यानं कधी खांबावरून वायर ओढली आहे, त्याला त्यांच्या पोटातला गोळा समजेल.

आणि गाणारा? पहिल्या पार्टीपासून हर्कच्या शेजारी माइकवर कोक ला रॉक होता. ओळखीच्यांची नावं पुकारायची, पब्लिकला चेतवायचं, एवढंच काम. ओळी लांबल्या, यमकं आली ती नंतर.

१९७९ मध्ये न्यू जर्सीतल्या सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी 'रॅपर्स डिलाइट' काढलं आणि सगळं फिरलं. त्यात टर्नटेबलची कारागिरी नाही. शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची चाल स्टुडिओतल्या वादकांनी वाजवली. गाणाऱ्यांतल्या एकानं केझच्या वहीतल्या ओळी घेतल्या, केझला श्रेय नाही. १९८२ चं 'द मेसेज' तर अजबच: वर नाव ग्रँडमास्टर फ्लॅशचं, आत फ्लॅशचा हात नाही. गाणं उत्तम आहे, त्यात गाणाऱ्या मेली मेलची धार कुणी नाकारणार नाही. पण माझ्या मते जुन्या रॅपची चव तिथून सुरू करू नये.

ती १९८१ च्या 'ॲडव्हेंचर्स ऑफ ग्रँडमास्टर फ्लॅश ऑन द व्हील्स ऑफ स्टील'पासून करावी. तीन टर्नटेबल, एक माणूस, सलग सात मिनिटं, टेप कापून जोडकाम नाही. चूक झाली की पहिल्यापासून. शीक, क्वीन, ब्लाँडी, 'अपाची' हे सगळे त्यात येऊन जातात. शब्दांकडे लक्ष देऊ नका, बोट कुठे उचललं ते ऐका.

शिवाय ज्या ड्रमवाल्यांच्या तुकड्यांवर पुढची सगळी इमारत उभी राहिली, त्यांचं काय झालं? जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मध्ये वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड; त्याचा ठेका शेकडो गाण्यांत गेला, रॉयल्टी मिळाली नाही. २०१७ मध्ये तो गेला. विन्स्टन्सच्या १९६९ च्या 'आमेन ब्रदर'मधला ग्रेगरी कोलमन, ज्याचे सहा-सात सेकंद जगभर वाजले, तो २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारला.

फ्लॅश आणि त्याच्या पाच गाणाऱ्यांना २००७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. रॅपवाल्यांत ते पहिले. हर्कला तिथे बोलावलं ते २०२३ मध्ये, सिंडीच्या पार्टीला पन्नास वर्षं झाल्यावर.