घर कुणाचं? तोराजा डोंगरातली मालमत्ता आणि वाट

आजचा आपला विषय दूरच्या डोंगरातला आहे, पण प्रश्न ओळखीचा आहे. एखादी वस्तू 'माझी' आहे असं आपण म्हणतो, ते कशाच्या बळावर? कागद, कब्जा आणि कष्ट ही तीन उत्तरं आपल्याला लगेच सुचतात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर राहणाऱ्या तोराजा लोकांनी चौथंच उत्तर दिलं. ते समजून घ्यायचं, तर आधी तिथवर पोचायला हवं.

मकास्सार बंदरातून रांतेपाओ हे डोंगरातलं गाव सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. बसला आठ तास किंवा अधिक लागतात, आणि खरी दुर्गमता त्यापुढे सुरू होते. पश्चिमेला बित्तुआंगहून मामासाकडे जाणारी जवळजवळ ६० किलोमीटरची वाट तीन दिवसांची पायवाट म्हणूनच ओळखली जाते. वाटेत भाताच्या पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांमधून, बांबूच्या बनांतून जावं लागतं. 'तोराजा' हे नावही खालून आलेलं आहे. सखल भागातले बुगिस लोक यांना 'तो रिआजा', म्हणजे वरची माणसं, म्हणत. डोंगरातल्या माणसाची पूर्वी स्वतःची ओळख सांगायची रीत निराळी होती. तो आपलं गाव सांगे, आपलं घर सांगे.

या घराला 'तोंगकोनान' म्हणतात. 'तोंगकोन' म्हणजे बसणं. नातलगांनी एकत्र बसायची जागा, असा त्याचा अर्थ. घर लाकडी खांबांवर उभं असतं, तोंड उत्तरेला असतं, छप्पर दोन्ही टोकांना होडीसारखं उचललेलं. समोरच्या खांबावर रेड्यांची शिंगं एकावर एक बांधलेली दिसतात. आजवर या घरानं किती रेडे अर्पण केले, त्याची ती उघड्यावर मांडलेली नोंदवही. बाळ जन्मलं की त्याची वार घराच्या पूर्वेला पुरतात.

आता विचारू या, हे घर कुणाच्या मालकीचं? कुणाच्याच नाही. ते मूळ पूर्वजांच्या सगळ्या वंशजांचं असतं, आणि वंश आईकडून आणि बापाकडून सारखाच मोजला जातो. म्हणजे आईची घरं, बापाची घरं, आजी-आजोबांची घरं धरली, तर एकेका माणसाचा हक्क अनेक तोंगकोनानांत असतो. प्रत्यक्ष राहणारं कुटुंब एकच. ते घर राखतं, बाकीचे जगभर विखुरलेले असतात. पण हा हक्क नुसत्या रक्तानं टिकत नाही. घर पुन्हा बांधायची वेळ आली, की ज्यानं डुक्कर आणलं, रेडा आणला, पैसा दिला, त्याचं नातं जागं राहिलं. ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या काहीच आणलं नाही, त्याचं नातं विस्मरणात जातं. घर माणसांचं नसतं, माणसं घराची असतात, असं म्हटलं तर ते शब्दशः खरं ठरेल.

शेतीचं सूत्र याहून धारदार आहे. आईबाप वारले की मुलामुलींना भातखाचरांचा वाटा मिळतो, पण तो अंत्यविधीत कुणी किती रेडे अर्पण केले, त्या प्रमाणात. अधिक दिलं, त्याला अधिक. मुलगी असो की मुलगा, नियम एकच. सतराव्या शतकात जॉन लॉकनं मांडलं, की जमिनीत आपले श्रम मिसळले म्हणून ती आपली होते. तोराजांचा न्याय असा, की आपण काहीतरी सोडलं म्हणून जमीन आपल्याकडे येते. त्याग केल्यावर मालकी संपते असं आपण समजतो. इथं ती त्यागानं सुरू होते.

म्हणूनच अंत्यविधीला इतकं महत्त्व. 'राम्बु सोलो' होईपर्यंत मृताला मेलेला मानत नाहीत. तो 'तो मकुला', म्हणजे आजारी माणूस. देह घरातच ठेवतात, त्याला जेवण देतात, त्याच्याशी बोलतात. हे महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं, कारण रेडे जमवायचे असतात आणि दूरची माणसं परत यायची असतात. पाहुण्यांनी आणलेलं प्रत्येक डुक्कर, प्रत्येक रेडा लक्षात ठेवला जातो, आज बहुधा वहीत लिहिला जातो. ते उसनं आहे. आपल्या घरी उद्या कुणी गेलं, की ते परत यायचं.

हे चित्र फार सुंदर वाटत असेल, तर इथं थांबून दुसरी बाजू पाहू. हा समाज समतेचा नव्हता. सोनं, लोखंड, ताडाचं लाकूड आणि बोरू अशा चार दर्जांची नावं होती, आणि बोरूच्या दर्जात गुलाम येत. मोठे विधी करण्याचा हक्क वरच्यांनाच होता. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात डोंगरातल्या कॉफीला भाव आला. सखल भागातल्या सत्ता आणि व्यापारी बंदुका घेऊन वर चढले, स्थानिक सरदारही त्यांना सामील झाले, आणि कॉफीबरोबर माणसंही खाली विकली गेली. वाट म्हणजे तेव्हा भीती होती. गावं डोंगरमाथ्यावर तटबंदी करून राहत.

१९०६ साली डच फौज आली. पोंग तिकू या सरदारानं किल्ल्या-किल्ल्यांतून झुंज दिली. १९०७ मध्ये तो मारला गेला. डचांनी गुलामगिरी बंद केली, गावं खाली आणवली, वेठीनं रस्ते केले, कर बसवला. १९१३ मध्ये मिशनरी व्हॅन डे लोस्ड्रेख्ट आला आणि १९१७ मध्ये त्याची हत्या झाली. त्यामागे जुन्या रीतींवरच्या बंधनांचा असंतोष होता. आज बहुतेक तोराजा ख्रिस्ती आहेत. 'अलुक तो दोलो', म्हणजे पूर्वजांची रीत, हिला १९६९ मध्ये सरकारनं मान्यता दिली ती हिंदू धर्माची शाखा म्हणून! मान्य धर्मांच्या यादीत दुसरा रकानाच नव्हता.

खरी उलथापालथ मात्र वाटेनंच केली. १९७० नंतर तरुण माणसं मकास्सारला, कालिमंतानला, पापुआला कामाला गेली. पगार रेड्याच्या रूपानं गावात परतू लागला. रांतेपाओजवळ बोलूचा बाजार भरतो. तिथं ठिपक्याठिपक्यांच्या पांढऱ्या-काळ्या रेड्याची किंमत मोटारीइतकी जाते. आणि ज्यांच्या आजोबांना मोठा विधी करायची परवानगीच नव्हती, त्यांची नातवंडं आता रेडे आणून उभे करतात. जुने खानदानी चिडतात, पण बाजारात पैशाला वंशावळ विचारत नाहीत. देण्यानं दर्जा मिळतो, हे सूत्र त्यांचंच होतं; नव्यांनी ते फक्त अक्षरशः घेतलं.

याची किंमतही मोजली जाते. रेडा उभा करायला कुणी खाचर गहाण टाकतं, कुणी मुलांच्या शिक्षणाचा पैसा अंत्यविधीत घालतं, आणि हा वाद तोराजांच्या घरांत आणि चर्चमध्येच आज चालू आहे. १९६० च्या जमीन कायद्यानं नोंदणीचा कागद आणला. तोंगकोनानची जमीन एकाच्या नावावर चढली, की बाकीच्या शेकडो वंशजांचं काय? कागदाला एक मालक हवा असतो, घराला अनेक.

आपण निकाल देऊ नये, असं आम्हाला वाटतं. पण एक गोष्ट नीट पाहावी. 'हा खर्च उधळपट्टी आहे' असं म्हणताना आपण रेडा ही संपत्ती आणि विधी हा तोटा असं गृहीत धरतो. तोराजाच्या हिशेबात रेडा ठेवला तर एक दिवस मरतो. दिला तर तो दुसऱ्याच्या वहीत जिवंत राहतो, आणि आपण दूर गेलो तरी त्या वहीमुळे गावात आपलं नाव घेतलं जातं. पापुआत खाणीवर राबणारा माणूस घरी का परततो, याचं उत्तर भावनेत कमी आणि या नोंदीत जास्त आहे. ती नोंद त्याला बांधून ठेवते, कधी बुडवतेही. पण आपण कुणाचे आहोत, हे त्याला कुणी विचारलं, तर त्याच्याकडे उत्तर असतं. आज इतकंच. आता तुमचे प्रश्न घेऊ.